इंग्रजी कागदाचं गाऱ्हाणं

ऐन हंगामात, रविवारच्या सकाळी, मसाला कुटायचा डंक बंद होता. दहिसरच्या त्या गल्लीत ही गोष्ट इतकी नवलाची होती, की समोरचा इस्त्रीवाला हातातला कपडा तसाच टाकून विचारायला आला, घरात कुणी गेलं का म्हणून.

"कोण जाऊक नाय रे बाबा," जानकीने त्याला पायरीवरूनच परतवला. "आमची मीटिंग आसा."

मीटिंग हा शब्द जानकीच्या भावाने, चंद्रप्रकाशने या घरात आणला होता. तो विम्याच्या कचेरीत कारकून होता. सोबत त्याने एक स्टॅम्पपेपरही आणला होता, इंग्रजीत टाईप केलेला, आणि तो डंकाच्या लाकडी चौकटीवर ठेवून वर मिरचीच्या बियांचा डबा वजनाला ठेवला होता.

वनमाला आपल्या जागेवर होती. डंकाच्या तोंडाशी, पाटावर. लोखंडी मुसळं वरच्या वर थबकलेली, बोलता बोलता कुणी हात उचलून पुढचं विसरून जावं तशी. मागच्या भिंतीशी वाळलेल्या मिरच्यांच्या गोण्या, धणे, खडा हळद, आणि सगळ्यांच्या वर, लाल धुळीने कपाळ माखलेली, श्री रवळनाथाची तसबीर. दुकानाला नावही त्याचंच, श्री रवळनाथ मसाला कांडप.

ती मनात गुणगुणत होती. ओव्या तिला जात्याने शिकवल्या. जातं गावी राहिलं आणि ओव्या इथे मोटारीच्या घरघरीत रुजल्या. फरक एवढाच, की जात्यावरची ओवी शेजारणीलाही ऐकू जायची, डंकावरची गाणारीलाच तेवढी कळायची.

*मिरची वाळवीली, ऊन पाठीवर आलं*
*घरोघर तिखट गेलं, नाव कुणाचं झालं*

"वनमालाताई, इथं, इथं, आणि मागच्या पानावर," चंद्रप्रकाशने पेनाचं टोपण काढून दिलं. "बास. दोन मिनिटांचं काम."

पेन तिने घेतलं. हळदीने पिवळी झालेली बोटं त्या निळ्या पेनाभोवती परक्यासारखी दिसत होती.

"काकी, वाचल्याशिवाय सही करू नको हां," सुलक्षणा म्हणाली. लवूची ही मुलगी बोरिवलीच्या कॉलेजात कॉमर्सला होती, आणि घरात कुणी काही बोललं की त्याच्यावर बोलणं हा तिचा ऐच्छिक विषय होता.

"वाचायचं काय त्यात? फॉरमॅट आहे गं," चंद्रप्रकाश म्हणाला.

"मामा, तुम्ही तरी वाचलंय का?"

"फॉरमॅट वाचत नाहीत. भरतात."

लवू मध्ये पडला. लवू म्हणजे वनमालाचा धाकटा दीर, जानकीचा नवरा. संप झाला, गिरणी बंद पडली आणि हा गावी निघून गेला. थोरला भाऊ धोंडू, वनमालाचा नवरा, संपाच्या दुसऱ्या वर्षी अचानक वारला, तेव्हा लवू बाराव्याला म्हणून आला तो परत गेलाच नाही. धोंडूच्या मागे गोण्या त्यानेच उचलल्या, मोटारीचा पट्टा त्यानेच बदलला. आणि शिंकायचा तो इतकं, की गिऱ्हाइकं त्याला लांबूनच ओळखत.

"वैनी, मालकाचो माणूस येवन गेलो," तो म्हणाला. "म्हणता, मेलेल्या माणसाच्या नावान भाड्याची पावती किती दिवस फाडू? ह्या म्हयन्यात नाव सांगा. आणि बाईमाणसाच्या नावान पावती होवची नाय म्हणता. म्हणान ह्यो कागद. तुमका कोर्टकचेरीचो तरास नको. तुमी आपल्या आसात तशाच ऱ्हवा."

"मी खय जातंय?" वनमाला हसली.

पण तिला कळत होतं. सही केली की पाट राहील, डंक राहील, आणि ती त्या पाटावर बसेल ती लवूच्या मर्जीने. पुढे जानकीच्या. त्याच्याही पुढे सुलक्षणाला जो कोण नवरा मिळेल त्याच्या. तिच्या नाकाने घडवलेलं दुकान हे. खोबरं किती भाजलं म्हणजे पुरे, हे ती डोळे मिटून सांगायची, आणि धोंडू गिऱ्हाइकांना सांगायचा, मशीन माझं, मसाला हिचा. आता मशीनही तिचं नसणार, मसालाही नसणार.

लवू वाईट असता तर सोपं होतं. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. हा सकाळी उठून आधी तिच्या पाटावरची धूळ झटकायचा.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि रिकाम्या बाटल्यांचा खणखणाट झाला.

"हे काय गो वनमाला, दुकान बंद? मला रविवार दिलेलास ना तू!"

बोरिवलीच्या गावठाणातली एथेलबाय. दर उन्हाळ्याला त्या वर्षाचा बाटलीचा मसाला इथेच कुटून न्यायची. तिच्या घरी मसाला बियरच्या काळ्या बाटल्यांत दाबून भरायची रीत. मागोमाग, दोन्ही हातांत पिशव्या, तिचे यजमान इसिडोर वकील. कोर्टात ते काळ्या कोटात दिसत, आणि इथे फुलाफुलांच्या शर्टात, नाकाला रुमाल लावून.

"या, एथेलबाय. बसा," वनमाला म्हणाली. "जरा सही करतंय, मगे लावतंय मोटार."

"सही?" रुमालामागून वकिलांनी विचारलं. एक शिंक दिली. "कसली सही?"

"काही नाही साहेब, घरगुती," चंद्रप्रकाश कागदापुढे सरकून उभा राहिला.

"घरगुती असेल तर माझं काही काम नाही. मी मसाल्याला आलोय." ते गोणीवर टेकले. "पण एक गोष्ट फुकट सांगतो. कागद कुठल्याही भाषेत असो, सही करणाऱ्याला कळेल अशा बोलीत आधी वाचून दाखवायचा. ज्याला वाचून दाखवायला लाज वाटते, तो कागद सहीलायक नाही."

"लाज कसली?" लवूला ते लागलं. "वाचा तुमीच. वाचून दाखवा वैनीक."

वकिलांनी डबा बाजूला केला, कागद उचलला, आणि डोळ्यांनी सरसर खालपर्यंत वाचून गेले. काही बोलले नाहीत. फक्त एथेलबायने त्यांच्याकडे पाहिलं आणि बाटल्यांची पिशवी खाली ठेवली. चाळीसेक वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या गप्प बसण्याचे प्रकार तिला पाठ झाले होते.

"वकीलसायेब," वनमाला सावकाश म्हणाली, "कोर्टाचा मराठी माका इंग्रजीसारख्याच. तुमी एकेक ओळ साधी करून सांगा. आणि भावजी, तुमी ता गाऱ्हाण्यात घाला. तुमचा गाऱ्हाणा माका पुरता कळता. नारळ ठेवा, देवाक सांगा, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटल्यानी की मी सही करतंय."

लवूचा चेहरा उजळला. धोंडूच्या मागे देवापुढे या घराचं गाऱ्हाणं तोच घालायचा. नवा पट्टा चढला की गाऱ्हाणं, पहिली मिरची आली की गाऱ्हाणं.

"बाबांनी तर टीव्हीच्या अँटेनाला पण घातलं होतं," सुलक्षणा एथेलबायच्या कानाशी म्हणाली. "तरी चित्रहारला मुंग्याच."

"गप गो," जानकी म्हणाली, आणि पदर डोक्यावरून घेतला.

चंद्रप्रकाश कुरकुरला, की अशानं कायद्याला काही अर्थ राहत नाही. पण नारळ आला, अगरबत्ती लागली, आणि लवूने हात जोडले. गाऱ्हाण्याला उभा राहिला की लवू वेगळाच दिसायचा. पाठ ताठ, आवाज खोल, नाकात एक शिंक नाही.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तुज्या फुडे नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे..."

"व्हय म्हाराजा!" इसिडोर वकीलही म्हणाले. एथेलबायने कोपर मारलं तसे रुमालात खोकले. "पहिलं कलम. सदर दुकान कैलासवासी धोंडू यांनी सुरू केलं."

"धोंडू तुजो लेकरू. तेणा ह्या दुकान घातल्यान आणि तुजा नाव दिल्यान रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"दुसरं. सदर धोंडू मृत्युपत्र न करता वारले."

"काय एक लिवन न ठेवता तो गेलो रे म्हाराजा. अर्ध्या जेवणार पान टाकून उठाचा, तसो गेलो..."

"व्हय म्हाराजा," सगळे हळू म्हणाले. वनमालाने तसबिरीकडे पाहिलं. लिहून कसलं ठेवणार? जाताना त्याने तिला एवढंच सांगितलं होतं, की पट्टा सैल झालाय, आवळून घे.

"तिसरं. प्रेम आणि आपुलकीपोटी..." वकिलांनी चष्मा सारखा केला.

"बघा! प्रेम पण लिवला हा," लवू खुशीत म्हणाला. "हां, सांगा. प्रेमापोटी काय?"

"प्रेम आणि आपुलकीपोटी सदर वनमाला ही दुकान, यंत्र, नाव आणि गिऱ्हाईक यांवरचा आपला सगळा हक्क कायमचा सोडते. यापुढे तिचा किंवा तिच्या मुलीचा या धंद्याशी काही संबंध राहणार नाही."

लवूने डोळे मिटले. "आणि रवळनाथा, ही तुजी लेकरू वनमाला... प्रेमान... ह्या दुकानाचो..."

त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली. "ही तुजी लेकरू वनमाला, आजपासून ह्या दुकानात... हेचो..."

अगरबत्तीची राख गळून पडली. वनमाला पाहत होती. कागदावर सही मागताना ज्या माणसाची जीभ सरसर चालली होती, त्याची देवापुढे टाळूला चिकटली. देवाला सांगायचं म्हणजे कुणाचं काय काढून कुणाला देतोय ते नावानिशी सांगायला लागतं. तिथे 'सदर' चालत नाही.

"बोल ना भावोजी, सगळे थांबलेत," चंद्रप्रकाश म्हणाला. "वनमालाबाई हक्क सोडते, संपलं. जानकी, तू म्हण व्हय महाराजा."

सगळ्यांनी जानकीकडे पाहिलं. जोडलेले हात तिने सोडले.

"माज्या तोंडातसून ता येवचा नाय."

"जानक्या!" लवू दचकला.

"काय जानक्या? संपात तुमी गावाक गेलात. माका आणि ह्या चेडवाक कोणी पोसल्यान? हिच्या डंकान. ही माका म्हणाक नाय, की तुजो घोव खय आसा. उलट माका शिकयल्यान, धणे कसे भाजूचे." ती भावाकडे वळली. "आणि तू रे? तुका कोणी सांगलो होतो ह्यो कागद करूक?"

"तूच म्हणालीस ना, नावाचं काहीतरी कर म्हणून!"

"नाव लावूक सांगलंय. पुसूक नाय."

सुलक्षणाने आईकडे असं पाहिलं, की जणू ही बाई तिला आत्ताच कुणी ओळख करून दिली.

लवू मटकन गोणीवर बसला. गोणीतून तिखटाचा ढग उठला आणि त्याला लागोपाठ शिंका आल्या. शिंका होत्या म्हणून डोळ्यांतल्या पाण्याचं कुणाला काही विचारावं लागलं नाही.

"वैनी, माका ठावक होता," तो म्हणाला. "हक्कसोड म्हणजे काय ता माका कळत होता. पण कागदार तो शब्द एवढोसो होतो गे. मी म्हटलंय, वैनी आसाच आपली घरात, तिका कित्याक व्हयो हक्क. देवाफुडे सांगूक गेलंय तर केवढो झालो तो!"

वनमालाला वाटलं, उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. पण ती पाटावरून हलली नाही. आज हलायचं नाही असं तिने ठरवलं होतं. "पाणी पिया, भावजी," एवढंच म्हणाली.

इसिडोर वकिलांनी कागदाची घडी घातली. "आता धंद्याचं बोलू? चंद्रप्रकाश, एक सांगा. दुकानाचा भाडेकरू वारला, तर भाड्याचा हक्क कुणाकडे जातो?"

"वारसांकडे. भावाकडे. पुरुष माणसाकडे."

"कायदा पुरुष-बाई विचारत नाही. कायदा विचारतो, तो वारला त्या दिवशी त्याच्या घरचं कोण त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करत होतं?" त्यांनी लवूकडे पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"गावाक," लवू म्हणाला. "कुळीथ पेरी होतंय."

"आणि वनमालाबाय?"

"इथंच. ह्याच पाटावर," एथेलबायने परस्पर साक्ष दिली. "दर वर्षी माझ्या बाटल्या हिनंच भरल्यात. कोर्टात सांगायला मी तयार हाय."

"म्हणजे हक्क वनमालाबायचा. तिने तो लिहून सोडला, की तिचा गेला. लवूंचा तर तो नव्हताच. मग पावती कुणाच्या नावाने?" वकिलांनी कागद हलवला. "मालक दोघांनाही म्हणेल, चावी द्या."

लवूने नकळत कमरेची चावी चाचपली.

"म्हणजे मामा," सुलक्षणा म्हणाली, "तुमच्या फॉरमॅटने आपण दुकान घरमालकाला आहेरात दिलं असतं. प्रेम आणि आपुलकीपोटी."

चंद्रप्रकाशने पेनाला टोपण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं. "भाडेकरूचा हा पॉइंट फॉरमॅटमध्ये नव्हता," तो पुटपुटला, आणि जानकीने भावावर दया येऊन त्याच्यापुढे चहा सरकवला.

"पण वकीलसायेब," लवू उठून उभा राहिला, "ह्या तुमका वाचताक्षणी कळला असतला. आदीच कित्याक नाय सांगलात?"

"नारळ मांडला होतात. मध्ये कसा बोलू?" वकील रुमालामागे हसले. "शिवाय मला कुणी वकील म्हणून बोलावलंय कुठे? माझा पक्षकार कोण, तेच अजून ठरलं नाही."

"मी," वनमाला म्हणाली.

शब्द लहानच होता. पण धोंडू गेल्यापासून या दुकानात तो तिने पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने उच्चारला असेल.

"फी?"

"बाटलीत भरून देतंय."

"दाबून भर गो," एथेलबाय म्हणाली. "हा माणूस फीच्या बाबतीत फार कडक."

मग वकिलांनी सांगितलं आणि सुलक्षणाने ते वहीच्या मागच्या पानावर उतरवलं. मालकाला वनमालाच्या नावाने अर्ज द्यायचा, तो रजिस्टर पोस्टाने. धोंडूच्या वेळची गुमास्त्याच्या परवान्याची प्रत सोबत. यंत्रात आणि धंद्यात मुलीचा, घाटकोपरला दिलेल्या नंदाचाही वाटा आहे, तेव्हा तिला बोलावून विचारायचं, गृहीत धरायचं नाही. आणि लवूला धंद्यात घ्यायचं असेल, तर भागीदारीचा कागद करायचा.

"तोंडी भागीदारी कायद्याला चालते," ते म्हणाले, "पण नोंदवली नाही, तर उद्या भांडण झाल्यावर तिच्या जोरावर कोर्टात उभं राहता येत नाही. आणि वनमालाबायने दुकानात स्वतः बसायला हवं. नाहीतर मालक म्हणेल, हिने पोटभाडेकरू ठेवला."

"म्हणजे माका सुटी नायच," वनमाला म्हणाली.

"कायद्यानंच नाही."

"बरा झाला. ह्या घरात माका कोणी सुटी देवक बघता, तर माज्या पोटात भीती येता."

लवू ओशाळून हसला. मग एकदम त्याला काहीतरी आठवलं आणि तो तसबिरीकडे वळला. "वैनी, गाऱ्हाणा अर्ध्यार ऱ्हवला. अर्धा ठेवक नये."

"मगे पुरा करा की."

"काय सांगू?"

"आता तुमका कोण आडयता? आता तुमीच सांगा."

लवूने हात जोडले. या वेळी आवाज खोल नव्हता, साधाच होता, गोणी उतरवताना ती जरा धरायला सांगावं तसा. "बा रवळनाथा म्हाराजा. ह्या दुकान माज्या वैनीचा. पाट तिचो, नाक तिचा. माका तिणा भागीदार केल्यान तर मी ऱ्हवान, आणि नाय केल्यान तरी गोणी उचलीन. ह्या लेकराच्या हातसून कागदार काय वाकडातिकडा झाला, ता सरळ करून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" जानकीचा आवाज सगळ्यांच्या पुढे होता. वकील म्हणाले, एथेलबाय म्हणाली, आणि दारातून इस्त्रीवालाही म्हणाला. तो मीटिंग ऐकायला कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

"भागीदार केलंय," वनमाला म्हणाली. "पण शिंकताना तोंड तिकडे करूचा. ह्या कागदात घाला, वकीलसायेब."

नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे वाटेपर्यंत एथेलबायच्या मिरच्या डंकात पडल्या होत्या.

"अगो, नरसाळं घरीच राहिलं!" एथेलबायने पिशवी चाचपून कपाळाला हात लावला. "आता बाटल्या कशा भरायच्या?"

वकिलांनी चौकटीवर परत ठेवलेला स्टॅम्पपेपर वनमालाने उचलला. "वकीलसायेब, ह्या कागदाचा आता काय करूचा?"

"सही नाही, तारीख नाही. नुसता जाड कागद."

तिने त्याचं टोकदार सुरळीसारखं नरसाळं वळलं. प्रेम आणि आपुलकी नेमकी बाहेरच्या बाजूला आली. चंद्रप्रकाशने मान फिरवून चहाचा शेवटचा घोट घेतला. लवू पहिली बाटली गुडघ्यांत धरून बसला आणि एकदम म्हणाला, "वैनी, एक इचारू? तुमी एथेलबायक नेमको आजचोच दिवस कित्याक दिलात?"

"मिरची आज वाळली."

"मिरची तर शुक्रवारीच वाळलेली गो," एथेलबाय म्हणाली. "मी तुला कळवलंपण होतं, तर तू म्हणालीस, रविवारीच ये, आणि पिशव्या जड असतात, नवऱ्याला बरोबर आण..."

वनमालाने खटका दाबला. मोटार घरघरली, मुसळं धाडधाड उतरली, आणि एथेलबायचं पुढचं बोलणं त्या आवाजात कुटलं गेलं. लवूचे ओठ हलत होते. तिने त्याला खुणेने नरसाळं दाखवलं, घट्ट धरा म्हणून, आणि मान खाली घालून आपल्या पाटावर, आपल्यापुरती, गाऊ लागली.

*मिरची वाळवीली, ऊन ओच्यात भरलं*
*घरोघर तिखट गेलं, नाव दारात उरलं*